फोम रोलर आणि मसाज बॉल: टाचदुखीसाठी आठ महिने वापरून

गेल्या नवरात्रात नऊच्या नऊ रात्री अनवाणी गरबा खेळले, बडोद्यात राहून तो सोडायचा म्हणजे जिवावर येतं, आणि दसरा झाल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी पलंगावरून पाय खाली ठेवला तर उजव्या टाचेत अशी कळ आली की तशीच परत बसले. पंधरा-वीस पावलं चाललं की बरं वाटायचं, मग शाळेत पाच-सहा तास उभं राहून शिकवून घरी आलं की परत ठणका. सासूबाईंनी तापलेल्या विटेवर रुईचं पान ठेवून शेक दिला, त्याने झोप लागायची पण सकाळची कळ काही जाईना. एक्स-रेत टाचेचं हाड वाढलेलं दिसलं आणि मी जाम घाबरले, तेव्हा फिजिओ मॅडमनी सांगितलं की असं हाड काही न दुखणाऱ्या माणसांच्या एक्स-रेतसुद्धा दिसतं, त्याच्या मागे लागू नका, तुमचा प्लांटर फॅसिया दुखतोय. टाचेच्या हाडापासून बोटांच्या मुळापर्यंत तळव्यात जो जाड पट्टा असतो ना, तोच हा.

नोव्हेंबरात ऑनलाइन फोम रोलर, म्हणजे अंगाखाली घेऊन फिरवायचा फोमचा लोड, घेतला ९०० रुपयांना आणि दोन मसाज बॉल, एक गुळगुळीत एक काटेरी, २४० ला. खोक्यावर लिहिलं होतं की रोलरने आखडलेला फॅसिया, म्हणजे अंगभर स्नायूंवर असतो तो चिवट पापुद्रा, मोकळा होतो, गाठी सुटतात. मी त्यावर पूर्ण विश्वास ठेवला, दोन महिने रोज सकाळ-संध्याकाळ पंधरा-पंधरा मिनिटं दाबून दाबून फिरवलं. तर खरं सांगायचं म्हणजे फिरवल्यावर अर्धा-पाऊण तास पाय हलका वाटायचा, पोटरी सैल वाटायची, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पहिलं पाऊल तसंच्या तसं. जानेवारीत तर जास्त जोर दिला म्हणून टाचेच्या आतल्या बाजूला दोन दिवस हात लावता येत नव्हता.

मग मी वाचायला बसले. सायन्स शिकवते त्यामुळे आवड आहे, आणि एवढे पैसे नि वेळ घालून का होत नाही हे कळल्याशिवाय मला चैन पडेना. २००८ मध्ये चौधरी आणि सहकाऱ्यांनी गणिती मॉडेल मांडलंय की हाताने दाबून फॅसियाचा आकार किती बदलता येतो, तर मांडीच्या बाहेरचा फॅसिया आणि तळव्याचा हा पट्टा नुसता १ टक्का दाबायचा किंवा सरकवायचा तरी इतका जोर लागतो की तो माणसाच्या हातून होणारच नाही. म्हणजे चेंडू फिरवून मी तो पट्टा लांब करत होते हा समजच चुकीचा. २०१९ मध्ये बेम आणि विल्के यांनी रोलरवरचं संशोधन तपासून लिहिलं की हालचाल थोडा वेळ वाढते ती बहुतेक मज्जासंस्थेमुळे, दुखणं सहन करायची ताकद वाढल्यामुळे, फॅसिया सुटला म्हणून नाही. माझा अर्ध्या-पाऊण तासाचा अनुभव अगदी हाच होता! आणि २००३ चा लेमाँट यांचा अभ्यास, टाचदुखीच्या ऑपरेशनमध्ये काढलेल्या या पट्ट्याच्या ५० नमुन्यांत सूज नव्हती, तंतूंची झीज होती. सूज नसून झीज असेल तर नुसतं दाबून काय होणार, तो पट्टा परत मजबूत व्हायला हवा ना.

पण म्हणून फॅसिया म्हणजे नुसतं मार्केटिंग असंही नाही हं. वर्षानुवर्षं शरीर उघडून शिकताना हा पांढरा पापुद्रा कापून बाजूला टाकून द्यायचे, खाली स्नायू बघायला. यावरची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद झाली ती २००७ साली, बोस्टनला, म्हणजे विषय किती नवीन आहे बघा. इटलीत पाडोव्याच्या कार्ला स्टेको यांनी दाखवलं की फॅसियाच्या थरांमध्ये हायलुरोनन नावाचा बुळबुळीत पदार्थ असतो, त्याच्यामुळे थर एकमेकांवर सरकतात. हेलेन लँजेविन यांनी २०११ मध्ये १२१ लोकांच्या कमरेवर अल्ट्रासाउंड लावून बघितलं, तर जुनी कंबरदुखी असलेल्यांत हे सरकणं साधारण २० टक्के कमी होतं. आता दुखतं म्हणून सरकत नाही की सरकत नाही म्हणून दुखतं, हे त्यातून ठरत नाही. मला तर हे वाचून फार बरं वाटलं, कारण आतापर्यंत सगळे सांगायचे की वयाने होतं, सहन कर.

तर मला खरा फरक कशाने पडला ते सांगते. एक म्हणजे सकाळी पलंगावरून उतरायच्या आधीचा ताण. पाय दुसऱ्या मांडीवर घ्यायचा, हाताने बोटं आपल्याकडे ओढायची, दुसऱ्या हाताने चाचपून बघायचं की तळव्यातला पट्टा तारेसारखा ताणलाय का, दहा आकडे मोजायचे, असं दहा वेळा, दिवसातून तीनदा. २००३ मध्ये डीजोव्हानी यांनी अमेरिकेत १०१ जुन्या टाचदुखीवाल्यांवर हे करून बघितलं होतं आणि नुसती पोटरी ताणणाऱ्यांपेक्षा यांना जास्त फायदा झाला. दुसरा डेन्मार्कच्या राथलेफ यांचा व्यायाम, त्यांनी तो ४८ लोकांवर करून बघितला होता. आमच्या दांडिया बाजारच्या जुन्या घराच्या जिन्यावर पायरीच्या कडेला उभी राहते, टॉवेलची घट्ट गुंडाळी बोटांखाली ठेवते, तीन आकडे मोजत एका पायावर वर, दोन आकडे थांबायचं, तीन आकड्यांत खाली. दिवसाआड. टॉवेल का, तर बोटं वर वळली की रहाटावर दोर गुंडाळावा तसा हा पट्टा ताणला जाऊन पायाची कमान उचलते, हे हिक्स यांनी १९५४ मध्येच लिहून ठेवलंय. सुरुवातीला १२ वेळाचे तीन सेट, मग पाठीवर दप्तर, दप्तरात मुलांच्या वह्या, हळूहळू वजन वाढवत गेले. पहिले तीन आठवडे काहीच वाटलं नाही, उलट पोटऱ्या भरून यायच्या. साधारण सातव्या आठवड्यात एका सकाळी स्वयंपाकघरात दूध तापायला ठेवलं आणि लक्षात आलं की आज टाचेची आठवणच झाली नाही. राथलेफ यांच्या अभ्यासात तीन महिन्यांना हा व्यायाम स्ट्रेचिंगपेक्षा पुढे होता, वर्षाने मात्र दोन्ही गट बरोबरीला आले, म्हणजे हा व्यायाम लवकर आराम देतो एवढं म्हणता येईल. माझे सासरे तरुणपणी माणिकरावांच्या आखाड्यात जायचे, ते बघून म्हणाले अगं ताकद पायातच आणावी लागते, बाहेरून चोळून येत नाही. मला ते पटलंय.

मधे एका दुकानदाराने कोलॅजन पावडर घ्यायला लावली होती, कोलॅजन म्हणजे या पट्ट्याचे तंतू ज्याचे बनतात ते प्रथिन. २०१७ चा एक प्रयोग आहे, १५ ग्रॅम जिलेटिन (हे कोलॅजनपासूनच करतात) व्हिटॅमिन सी बरोबर घेऊन तासाभराने दोरीवरच्या उड्या मारल्या तर रक्तातली कोलॅजन बनण्याची खूण दुप्पट झाली, पण माणसं फक्त ८ आणि सगळे धडधाकट पुरुष. शिवाय ते प्राण्यांपासूनच बनतं, आमच्या घरी चालत नाही, परत केली. कोलॅजन बनायला व्हिटॅमिन सी लागतंच, ते पेरू-आवळ्यातून मिळतं.

आता वस्तूंबद्दल. रोलर पाच महिन्यांत मधोमध दबला, मी ५८ किलोची आहे, एवढ्यात दबायला नको होता, आणि कंपनीने तक्रारीला उत्तर दिलं नाही. काटेरी बॉलचे काटे झिजले, तो घेऊच नका. गुळगुळीत बॉल छान टिकलाय, तो शाळेत टेबलाखाली ठेवते, दोन तासांच्या मधे बसल्या बसल्या फिरवला की पुढचे तास उभं राहणं सोपं जातं. एवढ्यासाठी तो २४० वसूल. रोलर मी परत घेणार नाही, त्या पैशात चांगल्या सोलची चप्पल घ्या, घरातल्या फरशीवर मी आता चप्पल घालूनच वावरते. बधिरपणा असेल, रात्री झोपेतही दुखत असेल किंवा शुगर असेल तर हे काही करायच्या आधी डॉक्टरांना दाखवाच.

कमाटी बागेत आता दोन फेऱ्या न थांबता होतात. डाव्या पायाचेही सेट सुरू केलेत, नवरात्राला अजून तीन महिने आहेत.