टपावरचा शार्क फिन आणि ग्लोव्ह बॉक्समागचा अँटेना

पैसे मोजून आठ दिवसही झाले नव्हते. टेक्सासमधल्या ओझोना गावाच्या गॅस स्टेशनवर मी पिकअपच्या पायरीवर उभा राहिलो, टपावरच्या शार्क फिनच्या, म्हणजे माशाच्या परासारख्या दिसणाऱ्या अँटेनाच्या, कडेला नख घातलं आणि जरा जोर लावताच तो अख्खा उचकटून हातात आला. खाली भोक नव्हतं, वायर नव्हती. काळ्या फोमच्या डबल टेपच्या दोन पट्ट्या होत्या, मधे थोडी धूळ, आणि त्याखाली कंपनीचा पांढरा रंग जसाच्या तसा. सॅटेलाइट रेडिओच्या, म्हणजे उपग्रहावरून कार्यक्रम पकडणाऱ्या रेडिओच्या, अँटेनासाठी टपाला भोक पाडून ते सील करण्याचे 120 डॉलर मी दिले होते.

मी ह्यूस्टनला राहतो. कामाची साइट बिग लेकच्या पुढे, तेलविहिरींच्या भागात. दर दोन आठवड्यांनी पहाटे निघतो, आय-10 हायवे धरून सॅन अँटोनियो, मग ओझोना, आणि तिथून उत्तरेला वळतो. निम्म्या रस्त्यात फोनला रेंज नसते, एफएम स्टेशनं वीस-तीस मैलांत विरून जातात. एकट्याने सात-आठ तास गाडी हाकताना कानाशी माणसाचा आवाज असणं ही चैन नाही, झोप येऊ नये म्हणूनची गरज आहे. म्हणून सॅटेलाइट रेडिओ घ्यायचं ठरवलं. माझी गाडी 2016 ची फोर्ड एफ-150, सगळ्यात साधं मॉडेल, त्यात तो मुळात नव्हता. बाहेरून बसवून घ्यायचा होता.

दुकान कामावरच्या एकाने सुचवलं. मालक बोलायला गोड, पहिल्या दोन मिनिटांत हिंदीवर आला, नाशिकला दोन वर्षं काढल्याचं सांगितलं. परक्या मुलुखात एवढ्यावरच आपला हात सैल सुटतो. त्याने टपावर टिचकी मारली आणि म्हणाला, "भाईसाहब, ये अॅल्युमिनियम है. याला साधा अँटेना चालत नाही, खास घ्यावा लागतो." डॅशबोर्डवर बसणाऱ्या रेडिओच्या किटचे 130, त्या खास अँटेनाचे 110, भोक आणि सीलचे 120, मजुरी 80. एकूण 440 डॉलर. कार्डावर 480 होतील, रोख द्याल तर 440. मी रोख दिले. पावतीवर त्याने एवढंच लिहिलं: ऑडिओ वर्क.

यातला अर्धा भाग खरा होता, म्हणून तर मी अडकलो. 2015 च्या मॉडेलपासून एफ-150 ची बॉडी खरंच अॅल्युमिनियमची आहे. बाजारात मिळणारा सॅटेलाइट रेडिओचा अँटेना काड्यापेटीएवढा असतो, तळाला लोहचुंबक, आणि तो चुंबक या टपाला चिकटत नाही. पण न चिकटणं वेगळं आणि न चालणं वेगळं. अँटेनाला खाली धातूचा सपाट पत्रा लागतो आणि वर मोकळं आभाळ. तो पत्रा पोलादाचाच हवा असं काही नाही, अॅल्युमिनियमही तेवढंच काम करतं. फक्त धरून ठेवायची सोय वेगळी करायची. खास अँटेना नावाची वस्तू इथे लागतच नाही, आणि साधा अँटेना त्या किटच्या खोक्यातच येतो. म्हणजे 110 डॉलर ज्याचे घेतले तो खोक्यात फुकट होता.

दोन तास मला ऑफिसात बसवून ठेवलं. काम चालू असताना आत येऊ देत नाही, इन्शुरन्सचा प्रश्न आहे म्हणाले. गाडी बाहेर आणली तेव्हा टपावर पांढरा शार्क फिन, आत रेडिओ खणखणीत वाजतोय. मी तिथेच उभा राहून पाच-सहा चॅनेल बदलून पाहिले. एकदाही तुटलं नाही.

आता जे सांगतोय ते नीट वाचा, कारण सगळी फसवणूक याच एका गोष्टीवर उभी आहे. सॅटेलाइट रेडिओ शहरात नेहमी उपग्रहावरूनच ऐकू येतो असं नाही. उंच इमारतींच्या आड उपग्रह लपतो, म्हणून कंपनीने मोठ्या शहरांतून जमिनीवर रिपीटर उभे केले आहेत. तेच कार्यक्रम ते जवळून आणि जोरात पुन्हा सोडतात. हा सिग्नल इतका दणकट असतो की अँटेना डॅशबोर्डच्या पोटात कोंबून ठेवला तरी रेडिओ वाजतो. दुकानाच्या दारात रेडिओ वाजला याचा अर्थ एवढाच की जवळपास रिपीटर आहे. अँटेना कुठे आहे, कसा बसवलाय, याचा त्यातून काहीच पत्ता लागत नाही.

त्या पहिल्या फेरीत ओझोनाला पोचण्याआधीच हे कळायला हवं होतं. ह्यूस्टनजवळचं केटी गाव मागे पडल्यावर आवाज तुटायला लागला, कोलंबसच्या पुढे बंद. सॅन अँटोनियो जवळ आलं तसा आपोआप सुरू झाला. मला वाटलं, नवीन आहे, रुळेल. बर्नी ओलांडलं आणि पुन्हा गप्प. केरव्हिलला थांबून दुकानात फोन लावला. मालक शांतपणे म्हणाला, "वेस्ट टेक्सासमध्ये सिग्नल कमजोरच असतो, तिकडे उपग्रह नीट दिसत नाही."

हे उत्तर ऐकून मी फोन ठेवला आणि मग मला अण्णा आठवले. आमच्या सांगलीच्या घरी वर्ल्डस्पेस या उपग्रह रेडिओ सेवेचा रेडिओ होता. 31 डिसेंबर 2009 ला ती सेवा भारतात बंद झाली, तोवर अण्णा रोज सकाळी गंधर्व हे शास्त्रीय संगीताचं चॅनेल लावायचे. त्याचा छोटा चपटा अँटेना पूर्वेच्या खिडकीत, किंचित दक्षिणेकडे कलवून ठेवलेला असे. समोरच्यांच्या आंब्याची फांदी वाढून आडवी आली की गाणं तुटायचं, आणि अण्णा काठी घेऊन ती बाजूला सारायचे. शाळकरी वयात मला एवढं पक्कं कळलं होतं की या रेडिओला आभाळ दिसावं लागतं, बाकी काही नाही. आणि वेस्ट टेक्सासमध्ये आभाळाशिवाय आहे काय? माझा रेडिओ ज्या एक्सएम सेवेचा, तिच्या उपग्रहांच्या जागा विषुववृत्तावर 85 आणि 115 अंश पश्चिम रेखांशाला आहेत. टेक्सासमधून त्या दक्षिणेला बऱ्याच उंचीवर येतात, आणि ओझोनाच्या बाजूला त्या आड यायला ना इमारत ना झाड. जिथे सगळ्यात चांगलं ऐकू यायला हवं तिथेच माझा रेडिओ मुका होता.

ओझोनाला गाडी उभी केली आणि रेडिओचा मेनू चाळला. डॅशबोर्डवर बसणाऱ्या या रेडिओंमध्ये अँटेना एमिंग नावाची स्क्रीन असते. तिच्यावर दोन पट्ट्या दिसतात, एक उपग्रहाच्या सिग्नलची आणि दुसरी जमिनीवरच्या रिपीटरची. माझ्या दोन्ही पट्ट्या रिकाम्या. रिपीटरची रिकामी असणं बरोबरच होतं, तिथे तो नाहीच. पण डोक्यावर लख्ख आभाळ असताना उपग्रहाची पट्टी रिकामी? आणि रेडिओ अँटेना तपासा असंही म्हणत नव्हता. वायर निघाली असती तर तसा संदेश आला असता. म्हणजे अँटेना जोडलेला होता, फक्त त्याला आभाळ दिसत नव्हतं. मग मी पायरीवर चढलो.

फिन हातात आल्यावर खरा अँटेना शोधायला फार वेळ लागला नाही. ग्लोव्ह बॉक्सच्या दोन्ही भिंती आत दाबल्या की तो खाली लोंबतो. मागे मोबाईलचा टॉर्च मारला. वायरींच्या जुडग्याला झिप टायने आवळलेला तो काळा अँटेना, तोंड खाली, पायातल्या मॅटकडे. त्याची वीसेक फूट वायर गोल गुंडाळीतच होती. कारखान्यात तिला जो तारेचा पीळ घालतात तोसुद्धा कुणी सोडला नव्हता. टपापर्यंत वायर न्यायचा विचारच त्यांनी केलेला नव्हता हे सांगायला तो पीळ पुरेसा आहे. टपावरचा फिन म्हणजे प्लॅस्टिकचं नुसतं टरफल, शोभेसाठी ऑनलाइन दहा-पंधरा डॉलरला मिळतं. माझ्या छातीत अक्षरशः कळ आली. पैशापेक्षा जास्त लागलं ते हे की त्या माणसाला मी कुठे जातो, कसा एकटा जातो, हे सगळं सांगितलं होतं. त्याला माहीत होतं की रेडिओ नेमका तिथेच बंद पडणार.

तुम्ही बसवून घेणार असाल तर माझी कळकळीची विनंती आहे. काम चालू असताना बघू देत नसतील तर गाडी तिथे सोडू नका. काम झाल्यावर अँटेनाला हात लावा, आणि वायर कुठून आत गेली ते बोट ठेवून दाखवायला सांगा. पैसे देण्याआधी ती दोन पट्ट्यांची स्क्रीन उघडा आणि मोकळ्या जागेत गाडी उभी करून उपग्रहाची पट्टी बघा, गाणं ऐकू नका. पावतीवर अँटेनाचा मॉडेल नंबर आणि बसवण्याची जागा लिहून घ्या. आणि कार्डाने पैसे द्या. माझे 40 डॉलर वाचले, पण कार्ड असतं तर बँकेकडे तक्रार करून पैसे अडवता आले असते. रोखीला तो रस्ता नाही.

परत आल्यावर दुकानात गेलो, फिन आणि फोटो घेऊन. मालक आता इंग्रजीत बोलत होता. रस्त्यात कुणीतरी छेडछाड केली असेल, म्हणाला. टपाला भोक कुठे आहे ते दाखव, मी म्हटलं. त्यावर त्याने दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे तोंड वळवलं. नंतर फोन उचलणं बंद केलं.

अँटेना मी स्वतः बसवला, एका रविवारी सकाळी. टप पुसून कोरडा केला, कडेपासून लांब, मधोमध, पोलादाची पातळ चकती चांगल्या डबल टेपने चिकटवली आणि तिच्यावर तो चुंबकाचा अँटेना ठेवला. वायर मागच्या तिसऱ्या ब्रेक लाइटच्या रबरी सीलखालून आत घेतली, मग छताच्या अस्तराच्या कडेने आणि दाराच्या खांबातून खाली. भोक लागलं नाही. अडीच तास लागले, चकती आणि टेप धरून खर्च 20 डॉलरच्या आत. पुढच्या फेरीत त्याच गॅस स्टेशनवर थांबून स्क्रीन उघडली. उपग्रहाची पट्टी काठोकाठ, रिपीटरची शून्य.

टेक्सासमध्ये ग्राहकाला फसवणाऱ्यांविरुद्ध 1973 पासून कायदा आहे. दावा लावण्याआधी समोरच्याला 60 दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. ती मी रजिस्टर्ड टपालाने पाठवली आहे, सोबत झिप टायचा, न सोडलेल्या पिळाचा आणि टपाचा फोटो. अॅटर्नी जनरलच्या कार्यालयाकडे ग्राहक तक्रारही नोंदवली आहे. 440 डॉलरसाठी वकील लागत नाही, जस्टिस कोर्टात, म्हणजे छोट्या दाव्यांच्या कोर्टात, 20,000 डॉलरपर्यंतचा दावा स्वतः मांडता येतो. नोटिशीची पोच सही होऊन परत आली आहे. फिन मी फेकलेला नाही, टेपच्या पट्ट्यांसकट प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून वर तारीख लिहून ठेवला आहे. साठ दिवसांतले बेचाळीस झाले.