लॉटरीचे पैसे बाबांचे की घराचे? कुडाळच्या वकीलबाईंचा अनुभव

पाडव्याच्या बंपरमध्ये बाबांच्या तिकिटाला ७ लाख लागले आणि तिसऱ्या दिवसापासून बाबा आणि काका एकमेकांशी बोलायचे बंद झाले. कुडाळला कोर्टाजवळ बसणाऱ्या एका वकीलबाईंनी हे निस्तरलं, म्हणून मुद्दाम लिहितेय.

भानगड अशी की आमचं घर एकत्र, काजूचे पैसे एकाच डब्यात, आणि ज्या दिवशी बाबांनी तिकीट काढलं त्याच दिवशी ते व्यापाऱ्याकडे काजू बी विकायला कुडाळला गेलेले, म्हणजे खिशात पेन्शनचे पण पैसे आणि काजूचे पण. काका म्हणाले, "चूल एक, मगे लॉटरी येगळी कशी?" बाबांचं एकच, तिकिटामागे नाव माझं, सही माझी.

आधी ओळखीतून एका वकिलाकडे गेलो होतो, नाव लिहीत नाही. त्याने बक्षिसाचे १० टक्के मागितले आणि काकांची कोऱ्या स्टँपपेपरवर सही आणा म्हणाला. आई तिथूनच उठली. निकालाच्या पैशात असा वाटा वकिलाला घेताच येत नाही, बार कौन्सिलचा नियमच आहे, हे आम्हाला बाईंकडे कळलं.

बाईंनी फोनवरच सांगितलं, दोघे भाऊ एकत्र या. तिकिटाची झेरॉक्स त्यांनी बाजूला ठेवली आणि विचारलं, काजूची वही आणलीत? वही काकांच्याच हातची. बाईंनी पट्टी ठेवून एकेक ओळ वाचली, व्यापाऱ्याची पावती शेजारी ठेवली, बीचे जेवढे आले तेवढेच त्या संध्याकाळी डब्यात जमा, एक रुपया कमी नाही. मग बाबांचं पासबुक, त्याच सकाळी पेन्शनच्या खात्यातून ५०० काढलेले, म्हणजे तिकीट त्यातूनच. काका स्वतःच्याच अक्षराकडे बघत बसले, मला तेव्हा खरंच वाईट वाटलं त्यांचं.

मग बाईंनी समजावलं ते असं, सही बघून सरकार पैसे कोणाच्या हातात द्यायचे ते ठरवतं, पण घरातल्या घरात हक्क कोणाचा ते तिकीट कोणाच्या पैशांनी घेतलं त्यावर जातं. एका घरात राहतो म्हणून प्रत्येकाची कमाई आपोआप सामाईक होत नाही, जो सामाईक म्हणतो त्याने तसं दाखवायचं. आणि सामाईकच ठरली असती तर फक्त दोघा भावांत वाटणी नाही, २००५ च्या दुरुस्तीपासून मुलींचाही जन्मापासून हक्क आहे, म्हणजे आत्या, मी, चुलत बहिणी सगळ्या आल्या. हे ऐकून दोघेही गप्प! आमच्याकडे लेकींना विचारतं कोण, म्हणून मला हे सगळ्यात महत्त्वाचं वाटलं. आत्या गोव्यात पेडण्याला दिलेली, तिला लॉटरी लागली असती तर गोव्याच्या कायद्याने, लग्नाआधी वेगळा करार नसेल तर, अर्धी नवऱ्याची झाली असती. बांद्याच्या पलीकडे गोव्यात गेलं की हिशोबच बदलतो.

बक्षिसातून ३० टक्के कर आधीच कापला, हातात ४ लाख ९० हजार आले, वर रिटर्न भरताना त्या करावर ८,४०० सेस, म्हणजे उपकर. बाबांनी स्वतःहून काकांना १ लाखाचा चेक दिला. बाईंनी बक्षीसपत्राचा साधा कागद करून दिला, सख्ख्या भावाने दिलेल्या भेटीवर काकांना कर लागत नाही.

दोन बैठकांचे १,५०० घेतले, पावतीसकट. तक्रार एकच, सोमवारी दोन तास पॅसेजमधल्या बाकावर बसवलं आणि पंखा नाही, वयस्कर माणसं असतील तर आधी वेळ घेऊनच जा. आणि जाताना पासबुक, पावत्या, वही सगळं न्या, नुसतं तिकीट घेऊन गेलात तर परत पाठवतील.