मागचा हब आणि 25/9 चे गिअरिंग: पार्क बीएमएक्सवर तिन्ही ऋतू काढल्यानंतर

मागच्या पावसाळ्याच्या तोंडावर माझ्या पार्क बीएमएक्सवर, म्हणजे रॅम्पवर कसरती करायच्या 20 इंची चाकाच्या सायकलवर, बसवलेल्या कॅसेट हबने (मागच्या चाकाचा मधला भाग) आणि 25/9 च्या गिअरिंगने (पुढे 25 दात, मागे 9) आता नाशिकचे तिन्ही ऋतू पाहिले आहेत, त्यामुळे त्यांच्याविषयी सविस्तर लिहायला हरकत नाही. हब 110 मिमीच्या मागच्या ड्रॉपआऊटमध्ये (फ्रेमच्या ज्या खाचांत चाक बसते त्यांत) बसणारा, 14 मिमी ॲक्सलचा आणि 36 आऱ्यांचा असून त्याचा ड्रायव्हर, म्हणजे चेन ज्यावर चालते तो मागचा दातेरी भाग, 9 दातांचा, एकसंध आहे. वापर जवळजवळ सगळा रॅम्पवरचा. गंगापूर रोडच्या पुढे एका मित्राच्या शेडमध्ये आम्ही प्लायवूडचे समोरासमोर दोन क्वार्टर पाइप (पाव वर्तुळासारखे वर वळणारे रॅम्प) उभारले आहेत. नाशिकमध्ये सायकलींची वाण नाही. 2015 मध्ये महाजन बंधूंनी ‘रेस अक्रॉस अमेरिका’ पूर्ण केल्यानंतर तर लांब पल्ल्याच्या सायकलिंगला इथे वेगळीच प्रतिष्ठा आली. मात्र 20 इंची चाकाचा कॅसेट हब उघडून दुरुस्त करणारा कारागीर शोधू लागलो, की हेच शहर एकदम लहान वाटू लागते. म्हणूनच हब निवडताना माझा पहिला निकष असा होता, की तो घरी असलेल्या पान्यांनी उघडता आला पाहिजे आणि त्याचे ड्रायव्हर, पॉल (आतले छोटे खटके) व बेअरिंग सुटे मिळाले पाहिजेत. बाकीचे सगळे गुण मी त्यानंतर मोजले.

हबच्या तीन प्रकारांपैकी फ्रीव्हीलचा विचार लवकरच संपला. हबवर आटे देऊन बसवायचे फ्रीव्हील 13 दातांपेक्षा लहान सहसा मिळत नाही, आणि 13 दातांना साजेसे पुढचे स्प्रॉकेट 36 दातांचे लागते, जे कोपिंगवर (रॅम्पच्या वरच्या कडेवरच्या नळीवर) अडकण्याची शक्यता 25 दातांच्या स्प्रॉकेटपेक्षा बरीच जास्त असते. खरा प्रश्न उरला तो कॅसेट की फ्रीकोस्टर असा. कॅसेटमध्ये ड्रायव्हरवर स्प्रिंगने उभे राहणारे पॉल हबमधल्या रॅचेटच्या दातांत अडकतात आणि चाक ओढतात; चाक उलटे फिरू लागले की तेच पॉल अडकून पेडलही उलटे फिरवतात, त्यामुळे फेकीत, म्हणजे सायकल उलट्या दिशेने मागे जात असताना, पाय सतत मागे चालवत राहावे लागते. फ्रीकोस्टरमध्ये पॉलऐवजी आट्यांवरून सरकणारा क्लच असतो. पेडल किंचित मागे घेतले, की तो हबपासून सुटतो आणि सायकल मागे जात असताना पाय स्थिर ठेवता येतात. रस्त्यावरच्या कसरतींसाठी हे मोठेच सुख आहे.

पार्कमध्ये मात्र त्या सुखाची किंमत लगेच जाणवते. शेडचा मालक असलेल्या मित्राकडे फ्रीकोस्टर आहे आणि आम्ही बरेचदा मागची चाके अदलाबदल करून चालवतो. क्लच पुन्हा पकडण्याआधी क्रँक काही अंश मोकळा फिरतो. आतले वॉशर बदलून हे अंतर कमी करता येते, पण ते अगदी कमी केले तर फेकीत क्लच मधेच पकडण्याची भीती राहते. हवेत टेलव्हिप (सायकलचा मागचा भाग हँडलभोवती गोल फिरवण्याची कसरत) पूर्ण करून पाय पेडलवर परत आणताना, ते पेडल पायाखाली पुढे सरकले, तर उतरण्याआधीचा सगळा तोल बिघडतो. कॅसेटवर मात्र पेडलवर पुढच्या दिशेने भार आला, की ते जवळजवळ तिथेच थांबते. तरीही रस्त्यावर आणि रॅम्पवर सारखाच वेळ घालवणाऱ्याला मी फ्रीकोस्टरपासून परावृत्त करणार नाही. माझा वेळ रॅम्पवर जातो, म्हणून माझे उत्तर कॅसेट हे आहे.

त्यानंतर पकडीच्या बिंदूंचा, म्हणजे एका फेरीत पॉल जितक्या जागी पकडू शकतात त्या आकड्याचा, मोह येतो. प्रोफाइल कंपनीच्या एलिट हबमध्ये असे 204 बिंदू आहेत, माझ्या साध्या हबमध्ये 36. आकडे शेजारी ठेवले की माझा हब केविलवाणा दिसतो, पण हिशेब क्रँकपाशी येऊन करावा. 36 बिंदू म्हणजे ड्रायव्हरची जास्तीत जास्त 10 अंशांची मोकळीक, आणि 25/9 वर ती क्रँकपाशी 3.6 अंशांवर येते. 175 मिमीच्या क्रँकवर पेडल सुमारे 11 मिमी हलते. 204 बिंदूंच्या हबवर हेच अंतर 2 मिमीच्या आसपास येईल. तो फरक पायाला कळत नाही असे मी म्हणणार नाही, मात्र माझ्या पातळीवर त्याने एकही उडी सुधारली नसती, आणि वाचलेल्या पैशांत मी एक सुटा ड्रायव्हर व बेअरिंगचा जोड आणून ठेवू शकलो.

गिअरिंगच्या बाबतीत 25/9, 28/10, 33/12, 36/13 आणि जुन्या सायकलींवरचे 44/16 ही सगळी एकाच कुळातली माणसे आहेत. साऱ्यांचे गुणोत्तर 2.75 ते 2.8 च्या दरम्यान पडते. 2.4 इंची टायरचा घेर सुमारे 1.64 मीटर धरला, तर 25/9 वर क्रँकच्या एका फेरीत सायकल साडेचार मीटरहून थोडी जास्त जाते, तर 28/9 वर पाच मीटरच्या पलीकडे. आमचा क्वार्टर 1.2 मीटर उंच आहे. घर्षण आणि पंपिंग (रॅम्पवर शरीर दाबून-उचलून वेग घेणे) बाजूला ठेवले, तर केवळ त्याच्या कडेपर्यंत पोहोचण्यासाठी ताशी सुमारे 17.5 किमी वेग लागतो आणि कडेच्या वर आणखी 60 सेंमी जायचे, तर ताशी 21 किमीच्या थोडे वर. हा वेग 25/9 वर मिनिटाला 78 फेऱ्यांच्या आसपास मिळतो, म्हणजे पाय गोंधळत नाहीत. आमच्या शेडमध्ये धावपट्टी जेमतेम बारा मीटरची असल्याने अडीच फेऱ्यांत जे काही साधायचे ते साधावे लागते, आणि तिथे जड गिअर पहिल्याच दाबाला आळस करतो. 28 दातांचे स्प्रॉकेट मी काही आठवडे लावून पाहिले. मोकळ्या काँक्रीटच्या मोठ्या पार्कमध्ये ते छान चालेल, पण शेडमध्ये दुसऱ्या क्वार्टरपाशी मी नेहमी थोड्या कमी वेगाने पोहोचत होतो. टोकियो आणि पॅरिस ऑलिंपिकमधल्या बीएमएक्स फ्रीस्टाइलच्या एकेका मिनिटाच्या फेऱ्या पाहून गिअर ठरवणाऱ्यांनी तिथल्या रॅम्पची उंची आणि त्यामधले अंतर आधी पाहावे.

लहान स्प्रॉकेटचा भुर्दंड चेनवर आणि ड्रायव्हरवर पडतो, आणि याविषयी खरेदीच्या वेळी कोणी फारसे बोलत नाही. पायाचा जोर तोच राहिला, तरी 25 दातांवर चेनमधला ताण 44 दातांच्या तुलनेत 1.76 पट होतो, कारण स्प्रॉकेटची त्रिज्या त्याच प्रमाणात घटते. शिवाय 9 दातांवरून जाताना प्रत्येक कडी 40 अंशांनी दुमडते, तर 16 दातांवर 22.5 अंशांनी. दातांच्या तळाशी 9 दातांच्या ड्रायव्हरचा व्यास 29 मिमीच्या आसपास राहतो, आणि तेवढ्याच जागेत 14 मिमीचा ॲक्सल, त्याभोवतीचे बेअरिंग आणि ड्रायव्हरची भिंत हे सगळे मावायचे असते. साहजिकच ते बेअरिंग पातळ असते. माझ्या हबमध्ये हबच्या कवचातली दोन्ही बेअरिंग अजून गुळगुळीत फिरतात, ड्रायव्हरचे मात्र हिवाळा संपता संपता खरखरू लागले आणि बदलावे लागले. यात मला हबचा दोष दिसत नाही, हा लहान गिअरचाच स्वभाव आहे. फेकी किंवा ग्राइंड (कडेवरून सायकल घासत नेणे) फारसे न करणाऱ्याने 28/10 चा विचार जरूर करावा: गुणोत्तर जवळजवळ तेच, ताण थोडा कमी आणि ड्रायव्हरला थोडी अधिक जाडी. अडचण एवढीच, की 10 दातांचा ड्रायव्हर हव्या त्या हबसाठी मिळेलच याची खात्री नसते.

स्प्रॉकेट बदलताना चाकाची जागाही बदलते, हे ध्यानात ठेवावे. चेन तेवढीच ठेवून पुढे एक दात वाढवला, की ॲक्सल साधारण 3 मिमी पुढे येतो. 25 वरून 28 वर गेल्यावर तो 9 ते 10 मिमी सरकला आणि टायर फ्रेमला घासण्याच्या बेतात आला. अर्धी कडी घातली की चाक 6 मिमीहून थोडे अधिक मागे जाते. चाक पुढे असेल तर मॅन्युअल (पेडल न मारता मागच्या चाकावर तोल सांभाळत जाणे) सोपी होते आणि सायकल चटकन फिरते. मागे असेल तर लँडिंग अधिक स्थिर वाटते. मी शेवटी ते ड्रॉपआऊटच्या मध्याच्या किंचित पुढे ठेवले आहे.

देखभालीत ग्रीसने सर्वांत जास्त शिकवले. पॉलवर बेअरिंगचे घट्ट ग्रीस भरले, तर हबचा आवाज कमी होतो हे खरे, पण डिसेंबर-जानेवारीतल्या सकाळी, निफाडकडून येणारी थंडी शहरात मुरलेली असताना, ते ग्रीस आखडते, पॉल वेळेवर उभे राहत नाहीत आणि पेडल एकदम रिकामे जाते. ते साफ करून पातळ ग्रीसचा हलका हात दिल्यापासून हब पुन्हा नीट पकडतो. आवाज वाढला, त्याची सवय झाली. पावसाळ्यात शेडपर्यंतच्या चिखलामुळे सायकल धुवावी लागते, तेव्हा पाण्याचा जोराचा फवारा ड्रायव्हरच्या सीलवर कधीही मारू नये. ओल्या फडक्याने पुसावे आणि ॲक्सलचे 17 मिमीचे नट पुन्हा आवळून पाहावेत. पुढच्या वेळी ड्रायव्हर बदलेन तेव्हा चेनही सोबत बदलणार आहे, कारण ताणलेली चेन नव्या 9 दातांचे कोपरे फार लवकर खाते.