दशक-एकक ठोकळ्यांचा संच: नग १२१, पण दांड्या कमी

पहिली ते चौथीच्या गणितासाठी मिळणाऱ्या ठोकळ्यांच्या संचांत १२१ नगांची पेटी बरीच प्रचलित आहे. तीत १०० सुटे एकक, १० दशकदांड्या, १० शतकपाट्या आणि हजाराचा एक मोठा ठोकळा असतो. एकक म्हणजे १ सेमीचा घन. दांडी १० सेमी लांब, पाटी १० सेमी लांब-रुंद आणि १ सेमी जाड, हजाराचा ठोकळा सर्व बाजूंनी १० सेमी. हंगेरियन गणितज्ञ झोल्टान डिएनेस यांनी असे ठोकळे शाळांमध्ये रुजवले. त्यांच्या संचांत दहाच्याच नव्हे, तर तीन, चार, पाच अशा पायांचेही, म्हणजे दहाऐवजी तितक्या नगांचा एक गठ्ठा धरणारे, ठोकळे होते. आज वर्गात उरलाय तो दहाचा.

साधन म्हणून याला पूर्ण गुण. स्थानिक किंमत मुलांना नुसती सांगून समजत नाही, ती हातात यावी लागते, आणि इथे ती येते. दांडी एककाच्या बरोबर दहापट लांब आणि जवळपास दहापट जड असल्यामुळे ‘दहा’ हा शब्द डोळ्यांना दिसतो. तक्रार आहे ती पेटीतल्या नगांच्या प्रमाणाबद्दल.

३६७ + २५८ ही बेरीज घ्या. ६ आणि ५ मिळून ११ दांड्या तर मांडतानाच लागतात, आणि पेटीत आहेत १०. पुढे ७ आणि ८ मिळून १५ एकक होतात, त्यातले दहा देऊन आणखी एक दांडी घ्यायची, म्हणजे १२. हातच्याच्या तीन अंकी बेरजेत सर्वांत वाईट स्थितीत १९ दांड्या लागतात. दुसरीकडे एककांची नुसती चंगळ: बेरजेत १८ च्या वर कधीच लागत नाहीत. एककांची गरज खरी वाढते ती भागाकारात. ८४ ÷ ३ करताना ८ दांड्या तिघांत वाटल्या की प्रत्येकी २ जातात आणि २ उरतात. त्या देऊन २० सुटे घ्यायचे, आधीचे ४, एकूण २४, म्हणजे प्रत्येकी ८. उत्तर २८. चारने भागायचं असेल तर जास्तीत जास्त ३९ सुटे लागू शकतात. म्हणून दोन मुलांच्या एका जोडीसाठी योग्य प्रमाण असं: ४० एकक, २० दांड्या, १० पाट्या. हजाराचा ठोकळा वर्गात एक-दोन असले तरी भागतं. सुट्या दांड्या वेगळ्या मिळत असतील तर त्या घ्याव्यात. सगळ्या १२१ नगांच्याच पेट्या मागवल्या तर एककांचा ढीग साचतो आणि दांड्यांसाठी ओढाताण होते.

घेण्याआधी एक चाचणी जरूर करावी. दहा एकक ओळीने लावून शेजारी दांडी ठेवायची. साच्यात एकक १० ऐवजी १०.२ मिमीचा निघाला तर दहांची ओळ १०२ मिमी होते आणि दांडीपुढे २ मिमी बाहेर येते. मोठ्यांना हे किरकोळ वाटेल. सहा वर्षांच्या मुलाला मात्र ‘दहा सुटे आणि एक दशक सारखे’ असं सांगताना समोर असमान लांबी दिसते, आणि त्याचा विश्वास डोळ्यांवर असतो. तसंच दांडीवरच्या खाचा नखाला लागतील इतक्या खोल हव्यात. नुसत्या छापलेल्या रेघा झिजतात, आणि मग दांडी म्हणजे एक साधी काडी होऊन बसते.

हजाराच्या पोकळ ठोकळ्यावर मुलं हमखास फसतात. त्याला सहा बाजू, प्रत्येकीवर १०० चौकोन, म्हणून मुलं मोजून ६०० सांगतात. चूक मुलांची नाही, जे दिसतं तेच त्यांनी मोजलं. उपाय सोपा आहे: शेजारी दहा पाट्या एकावर एक रचायच्या, प्रत्येक पाटीला शंभर-शंभर मोजत जायचं आणि शेवटी उंची जुळवायची. पाट्या नीट बसत नसतील, मधे फट राहत असेल तर हाही धडा फसतो, म्हणून दुकानातच दहा पाट्या रचून बघाव्यात. झाकणाचा ठोकळा घेऊन ‘हा बघा एक लिटर’ असं दाखवायचा मोह होतो, तो आवरावा. बाहेरून तो १००० घनसेमी असतो खरा, पण भिंत २ मिमी जाड असेल तर आतली बाजू ९.६ सेमीच राहते आणि पाणी मावतं साधारण ८८५ मिली.

काही संचांसोबत स्थानिक किमतीचा तक्ता येतो, आणि तो ए-४ कागदाचा असेल तर निरुपयोगी. आडवा धरला तरी रुंदी २९.७ सेमी. एकक, दशक, शतक असे तीन रकाने केले की प्रत्येकाच्या वाट्याला ९.९ सेमी येतात आणि १० सेमीची शतकपाटी रेघेवर चढते. ए-३ घेतला तर रकाना १४ सेमीचा होतो आणि पाटी ऐसपैस बसते. तक्ता जाड पुठ्ठ्यावर चिकटवावा. वर बेरजेचा नियम लिहावा: एका रकान्यात नऊपेक्षा जास्त नग राहणार नाहीत. हातचा म्हणजे काय, ते या एका ओळीतच आहे.

दांडी तोडता येत नाही, अशी तक्रार काही शिक्षक करतात आणि म्हणून एकमेकांत अडकणारे ठोकळे पसंत करतात. पहिलीत, दहाचा गठ्ठा बांधण्याच्या टप्प्यावर, ते खरंच चांगले. पण दुसरीपासून न तुटणारी दांडीच उपयोगाची, कारण ‘बँकेत’, म्हणजे शिल्लक ठोकळ्यांच्या डब्याकडे, जाऊन ती देऊन दहा सुटे आणावे लागतात. ४०२ − १७८ मध्ये हे नीट दिसतं. दशकाचा रकाना रिकामा आहे. मूल एक पाटी देतं, दहा दांड्या आणतं. मग त्यातली एक देऊन दहा एकक आणतं. तक्त्यावर आता ३ पाट्या, ९ दांड्या, १२ एकक. त्यातून १, ७, ८ काढले की २२४. वहीत शून्यावर नऊ का येतो, ते इथे मुलाने स्वतःच्या हाताने केलेलं असतं. मात्र प्रत्येक अदलाबदलीनंतर लगेच वहीत तसं खोडून लिहायला लावावं. आधी सगळे ठोकळे हलवून मग उत्तर उतरवलं तर ठोकळे एकीकडे आणि गणित दुसरीकडे राहतं.

मराठी संख्यानामांसाठी या संचाचा फायदा विशेष आहे. ‘पंचवीस’मध्ये पाच आधी ऐकू येतो, म्हणून मुलं ५२ लिहितात. डावीकडे दोन दांड्या, उजवीकडे पाच एकक मांडून ‘दोन दशक पाच एकक, पंचवीस’ असं म्हणवून घेतलं की कान आणि डोळा यांची जुळणी होते. ‘एकोणपन्नास’ तर ठोकळ्यांतच सर्वांत सुंदर कळतो: पाच दांड्या मांडा, एक देऊन दहा सुटे आणा, त्यातला एक काढून घ्या. पन्नासला एक उणा, समोर चार दांड्या आणि नऊ एकक.

रंगांबाबत सल्ला स्पष्ट आहे: सगळे नग एकाच रंगाचे घ्या. एकक पिवळे, दांड्या हिरव्या, पाट्या निळ्या असले की आवरायला सोपं जातं हे खरं, पण काही मुलं ‘हिरवा म्हणजे दहा’ असं धरून बसतात आणि लांबीकडे बघतच नाहीत.

प्लास्टिक धुता येतं, टिकतं, पण बाकावर आवाज फार करतं, खाली जाड कापड अंथरावं. लाकडाचं वजन हातात छान लागतं, खाचांत मळ बसतो. फोम शांत असला तरी कडा लवकर झिजतात आणि वर सांगितलेली लांबीची जुळणीच बिघडते, म्हणून तो नको.

संच पहिल्यांदा देताना दहा मिनिटं मनसोक्त मनोरे रचू द्यावेत, नाहीतर ते तासभर चोरून चालूच राहतं. परत घेताना एकक मोजत बसू नये. दांडीला लावून दहा-दहांच्या चार ओळी करायला सांगायचं, हरवलेला नग लगेच दिसतो. तीन वर्षांखालच्या मुलांपासून एकक दूर ठेवावेत, ते सहज तोंडात जातात.