दोन आकारांमधील किमान अंतर : फ्रीकॅडच्या आठ महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

रत्नागिरीत मासेमारी बोटींच्या दुरुस्तीची ड्रॉइंग करून देणे हा माझा व्यवसाय असून, पंखा आणि बोटीचा तळ यांच्यात नेमकी किती जागा उरते, हा त्यातला नेहमीचा प्रश्न आहे. १ जून ते ३१ जुलै या मासेमारीबंदीत बोटी किनाऱ्यावर ओढलेल्या असतात, तेव्हा घेतलेली मापे संगणकावर पडताळण्यासाठी मी फ्रीकॅड या त्रिमितीय आराखड्यांच्या संगणक-प्रणालीतील ‘डिस्टटूशेप’ ही आज्ञा वापरतो.

ही आज्ञा किमान अंतर मिलिमीटरमध्ये देते, आणि ते कोणत्या दोन बिंदूंमध्ये आहे व ते बिंदू कोपऱ्यावर, कडेवर की पृष्ठभागावर आहेत, हेही सांगते. सुरुवातीला मी आकडा तेवढा पाहत असे. एकदा उत्तर शून्य आले आणि संध्याकाळभर मी मॉडेलमधली चूक शोधत बसलो. बिंदू पाहिल्यावर उमगले की पंख्यासोबत त्याला फिरवणारा दांडा, म्हणजे शाफ्टही निवडला गेला होता, आणि शाफ्ट तर तळातूनच बाहेर येतो. एक आकार दुसऱ्या भरीव आकारात घुसला असला तरी उत्तर शून्यच येते. किती घुसला ते कळत नाही, ही उणीव मला वारंवार जाचली.

वक्र पृष्ठभाग अनेक असले की गणना फार रेंगाळते. म्हणून गिल्बर्ट, जॉन्सन आणि कीर्ती यांनी १९८८ मध्ये मांडलेली अंतर काढण्याची पद्धत स्वतः लिहून पाहिली. ती अतिशय वेगवान आहे, परंतु बहिर्वक्र, म्हणजे कुठेही खाच वा खळगा नसलेल्या आकारांपुरतीच. आमच्या बोटींचा पंखा तळाच्या खाचेत बसतो. ही पद्धत ती खाच बुजलेली धरते आणि पंखा लाकडात रुतल्याचे सांगते. तळाचे बहिर्वक्र तुकडे पाडल्यावर उत्तर जुळले, पण तुकडे पाडण्यातच दोन दिवस गेले.

वक्र पृष्ठभागाऐवजी छोट्या सपाट त्रिकोणांची जाळी वापरण्याचा सोपा मार्गही फसवा निघाला. ७०० मिमी व्यासाच्या पंख्याचे फिरण्याचे वर्तुळ २४ बाजूंचे केले, तर प्रत्येक बाजूचा मध्य खऱ्या वर्तुळाच्या सुमारे ३ मिमी आत राहतो. म्हणजे मोकळी जागा आहे त्याहून जास्त दिसते, आणि चूक नेमकी धोक्याच्या बाजूने होते.

आता जाळीवर केवळ अंदाज घेतो, अंतिम आकडा मूळ वक्र पृष्ठभागांवरूनच काढतो. ड्रॉइंगवर अंतरासोबत ते दोन बिंदूही दाखवतो, कारण पट्टी नेमकी कुठे लावायची ते मिस्त्रींना त्यावरूनच समजते.