चोकेकिराओचं 'परमिट' : १२० डॉलरचा कागद

पेरूत ट्रेकला निघालेल्यांनी निदान एवढं वाचून ठेवा. चोकेकिराओ म्हणजे डोंगरातलं जुनं इन्का शहर, आता अवशेष. तिथे चालत जायला आधीपासून मिळवावं लागणारं कोट्याचं परमिट नसतं. मी आणि माझ्या मामेभावाने ते प्रत्येकी १२० डॉलर मोजून घेतलं.

फसलो ते अर्धवट माहितीमुळे. माचू पिचूला चालत नेणाऱ्या प्रसिद्ध इन्का ट्रेलवर दिवसाला फक्त ५०० जण सोडतात, त्यातच गाईड आणि हमालही मोजतात. परवाना पासपोर्टवरच्या नावाने निघतो आणि तोही मान्यता असलेल्या एजन्सीमार्फतच. हे सगळं पुण्यात बसून वाचलं होतं. आमच्या तारखा कधीच भरल्या होत्या, म्हणून तर गर्दी नसलेलं चोकेकिराओ ठरवलं.

आमचा मुक्काम असलेलं कुस्को शहर ३,४०० मीटरवर. पहिल्या दिवशी डोकं ठणकत होतं, कोकाच्या पानांचा चहा पिऊन प्लासा दे आर्मास या मुख्य चौकात नुसते रेंगाळत होतो. तिथे एकाने गाठलं आणि जिना चढवून ऑफिसात नेलं. विषय त्यानेच काढला. इन्का ट्रेल फुल्ल आहे ना? मग चोकेकिराओलाही या वर्षीपासून तसाच कोटा लागलाय, परवाच्या चार जागा उरल्यात. आम्हाला जे खरं माहीत होतं त्यालाच त्याने खोटं चिकटवलं, त्यामुळे शंका आलीच नाही. पासपोर्टची झेरॉक्स घेतली, शिक्का मारला, क्यूआर कोड असलेला रंगीत कागद हातात दिला. एक डॉलरची नोट कोपऱ्यात किंचित फाटलेली होती, ती त्याने परत केली. पेरूत फाटक्या डॉलरला कोणी हात लावत नाही. पण त्या क्षणी आम्हाला वाटलं, किती काटेकोर माणूस!

पावती लेटरपॅडवर होती. तिथल्या नोंदणीकृत धंद्याच्या बिलावर, म्हणजे 'बोलेता'वर, ११ आकडी आरयूसी नंबर असतो आणि तो कर खात्याच्या, म्हणजे सुनातच्या, वेबसाइटवर कोणालाही तपासता येतो. आमच्या पावतीवर तो नव्हता. आम्ही विचारलाही नाही.

परमिटखेरीज पॅकेजमधे गाडी, दोन खेचरं, त्यांना हाकणारा आर्रिएरो, स्वयंपाकी, सगळं 'इन्क्लुडेड' होतं. ट्रेक सुरू होतो त्या काचोरा गावात उतरलो तर आर्रिएरो एकटाच उभा. स्वयंपाकी नाही. त्याला एका खेचराची थोडी उचल मिळाली होती आणि बाकीचे पैसे प्रवासी देतील, असा मेसेज आला होता. तो त्याने मोबाइलवर उघडून दाखवला. तो पन्नाशीचा, घरी केचुआ बोलणारा माणूस. आमची स्पॅनिश 'ग्रासियास'वर संपते. चिडायचं तरी कोणावर? चार दिवसांचे त्याचे आणि खेचरांचे पैसे आम्हीच दिले, गावातल्या दुकानातून तांदूळ, अंडी, ट्यूनाचे डबे घेतले. दुसऱ्या दिवसापासून चुलीचं काम त्याने आपणहून अंगावर घेतलं.

वाट मात्र पैसे विसरायला लावणारी. कापुलियोकच्या सुमारे २,९०० मीटरवरून आपुरिमाक नदीकाठी १,५०० पर्यंत उतार. बारीतून कळसूबाई चढलात तरी एवढी उंची भरत नाही, आणि पूल ओलांडला की जवळजवळ तेवढंच पुन्हा वर! नदीकाठच्या चावऱ्या माश्यांनी पोटऱ्या फोडून काढल्या.

अवशेषांच्या अलीकडच्या मारामपाता वस्तीतल्या चौकीवर रखवालदाराने आमचा कागद स्कॅन केला. सांस्कृतिक मंत्रालयाची वेबसाइट उघडली. नुसतं पहिलं पान. आम्ही तो कोड एकदाही स्कॅन करून पाहिला नव्हता. त्याने मान हलवली आणि प्रत्येकी ६० सोल मागितले, म्हणजे सोळा-सतरा डॉलर. तेच तिकीट, तीच प्रवेश फी.

चोकेकिराओ म्हणजे केचुआत सोन्याचा पाळणा. बराचसा भाग अजून झाडीखाली आहे. उतारावरच्या पायऱ्यांच्या शेतांत पांढऱ्या दगडांनी बसवलेले लामा पाहताना आजूबाजूला चिटपाखरू नव्हतं. तेवढ्यापुरतं तरी सगळं वसूल झालं.

परत कुस्कोला आलो तर त्या ऑफिसात दुसराच माणूस. तो म्हणाला, टेबल भाड्याने देतो, तो गृहस्थ गेला. पेरूत प्रत्येक दुकानाला तक्रारवही ठेवावीच लागते, तिला 'लिब्रो दे रेक्लामासिओनेस' म्हणतात. नाव घेताच त्याचा चेहरा बदलला, पण वही काही निघाली नाही. पर्यटन पोलिसांनी शांतपणे तक्रार लिहून घेतली, प्रत दिली. पैसे आले नाहीत.

कुस्कोतून अबानकायला जाणाऱ्या गाडीने काचोराच्या फाट्यावर उतरता येतं, तिथून गावापर्यंत टॅक्सी मिळते. आर्रिएरो गावातच ठरतो, आणि चार दिवसांचा हिशेब समोरासमोर होतो. चौकीवर आमच्याकडून रोख घेतली, तेव्हा ६० सोल वेगळे काढून ठेवा.