विंडोज १० नंतर जुन्या डेस्कटॉपवर लिनक्स मिंट : काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नेहमीचा आधार संपला. विंडोज ११ साठी टीपीएम २.० (संगणकातली सुरक्षा चिप) आणि बहुतांशी आठव्या पिढीपासूनचा इंटेल प्रोसेसर लागतो. माझ्या घरच्या डेस्कटॉपमधला कोअर आय-थ्री चौथ्या पिढीचा, म्हणजे २०१३ च्या सुमाराचा आहे. या अटींना बगल देऊन विंडोज ११ बसवण्याच्या युक्त्या आहेत, परंतु रोजच्या कामाच्या संगणकावर मला ती टांगती तलवार नको होती. म्हणून दिवाळीच्या सुट्टीत लिनक्स मिंट या विंडोजऐवजी वापरता येणाऱ्या मोफत ऑपरेटिंग सिस्टीमची २२.२ सिनॅमन आवृत्ती बसवली आणि विंडोजही त्याच संगणकावर राहू दिले. तेव्हापासून मुद्रितशोधन, सोसायटीचे हिशेब आणि बँकेचे व्यवहार बहुतेक मिंटवरच चालतात. संगणक आता पूर्वीपेक्षा कितीतरी सुरळीत चालतो, पण त्याचे निम्मेच श्रेय मिंटचे आहे. ज्या तक्रारींचे खापर आपण ऑपरेटिंग सिस्टीमवर फोडतो, त्यांतल्या बऱ्याच तक्रारींचे मूळ पेटीच्या आत असते.

सर्वांत मोठी तक्रार संथपणाची होती. टास्क मॅनेजर उघडला की डिस्कच्या रकान्यात १०० टक्के दिसत, आणि त्याच वेळी प्रत्यक्ष वाचनाचा वेग मात्र सेकंदाला काही शे केबी एवढाच असे. हे दोन आकडे एकत्र दिसले की व्हायरस किंवा अपडेट यांच्या मागे लागण्याआधी डिस्कची ‘स्मार्ट’ माहिती, म्हणजे तिने स्वतःच्या प्रकृतीची ठेवलेली नोंद, पाहावी. विंडोजवर क्रिस्टलडिस्कइन्फो आणि मिंटवर ‘डिस्क्स’ हा सोबतच येणारा प्रोग्राम ती दाखवतो. माझ्या जुन्या हार्ड डिस्कवर १९७ क्रमांकाचा, म्हणजे ‘करंट पेंडिंग सेक्टर’चा आकडा शून्य नव्हता. याचा अर्थ असा की काही सेक्टर (डेटा साठवण्याचे छोटे कप्पे) डिस्कला नीट वाचता आलेले नाहीत आणि त्यांचे काय करायचे हे अजून ठरायचे आहे. अशा सेक्टरपाशी पोहोचली की डिस्क पुन्हा पुन्हा वाचून पाहते, तेवढा वेळ माउसचा बाणसुद्धा अडखळतो आणि कॅबिनेटवरचा लाल दिवा न लुकलुकता पेटून राहतो. अशा डिस्कवर दुरुस्तीचे प्रयोग करण्याऐवजी आधी आपल्या फायली बाहेर काढून घ्याव्यात, हे उत्तम. त्या काढून मी साटा जोडणीची एसएसडी (फिरत्या तबकडीविना चालणारी वेगवान डिस्क) बसवली, आणि मिंट बसवण्यापूर्वीच विंडोजसुद्धा चटकन सुरू होऊ लागले.

नव्या एसएसडीवरही काही आठवड्यांनी मोठी फाईल उतरवताना संगणक क्षणभर थबकू लागला. या वेळी वाढत होता तो १९९ क्रमांकाचा, सीआरसी त्रुटींचा आकडा. डिस्क आणि मदरबोर्ड यांच्यामधल्या वाटेवर डेटा बिघडला की हा आकडा वाढतो, त्यामुळे संशय पहिल्यांदा केबलवर घ्यावा. साटा केबल बदलल्यावर थबकणे थांबले. आकडा तेवढाच राहिला, कारण तो मागे येत नसतो. तो पुढे सरकत नाही ना, एवढेच पाहायचे.

रॅमबद्दल थोडक्यात. चार जीबीवर मिंट चालते, पण ब्राउझरमध्ये चार पाने उघडली की त्याची दमछाक होते, म्हणून वापरलेली डीडीआर-३ ची आणखी एक पट्टी घेतली. त्यानंतर कधी ब्राउझर, तर कधी लिब्रेऑफिस कारण न देता बंद पडू लागले. कोणताही एकच प्रोग्राम दोषी दिसत नसेल तर रॅम तपासावी. पेनड्राइव्हवरून मेमटेस्ट८६+ हा रॅम तपासणारा प्रोग्राम चालवल्यावर त्रुटींच्या लाल ओळी दिसल्या. पट्टीच्या सोनेरी टोकांवरून खोडरबर फिरवण्याचा आपल्याकडचा सर्वमान्य उपायही करून पाहिला, परंतु ओळी कायम राहिल्या आणि दुकानदाराने पट्टी बदलून दिली.

दोन ऑपरेटिंग सिस्टीम शेजारी नांदवताना आणखी दोन गोष्टी कळाव्या लागतात. पहिली घड्याळाची. मिंट वापरून नंतर विंडोज सुरू केले की तिथले घड्याळ बरोबर साडेपाच तास मागे दिसते. मदरबोर्डवरच्या घड्याळात लिनक्स जागतिक वेळ नोंदवते आणि विंडोज तीच स्थानिक वेळ समजून वाचते; भारतीय वेळेचा फरक जेवढा, तेवढीच ही तफावत. मिंटच्या टर्मिनलमध्ये एका ओळीची आज्ञा देऊन त्यालाही स्थानिक वेळ नोंदवायला लावले की प्रश्न मिटतो. मात्र फरक साडेपाच तासांचा नसून घड्याळ काही वर्षे मागे जात असेल आणि सुरक्षित संकेतस्थळेही उघडेनाशी झाली असतील, तर दोष मदरबोर्डवरच्या सीआर २०३२ या नाणेवजा सेलचा असतो. तो कुठल्याही घड्याळाच्या दुकानात मिळतो, आणि तेवढ्यासाठी संगणक फॉरमॅट करून घेणारे लोक मी पाहिले आहेत.

दुसरी गोष्ट फास्ट स्टार्टअपची. हा पर्याय चालू असताना ‘शट डाउन’ केले, तरी विंडोज आपला गाभा डिस्कवर गोठवून ठेवते आणि पुढच्या वेळी तोच उचलते. त्यामुळे विंडोजच्या ड्राइव्हमधली फाईल मिंटमधून उघडता येते, पण बदलता येत नाही. कधी तो ड्राइव्ह उघडतच नाही. पॉवर ऑप्शन्समध्ये जाऊन हा पर्याय बंद केला की अडचण संपते. ज्यांना लिनक्सशी काही देणेघेणे नाही त्यांनीही हे ध्यानात ठेवावे, कारण रात्री बंद करून सकाळी चालू केल्याने न सुटणारा ड्रायव्हरचा गोंधळ ‘रीस्टार्ट’ने का सुटतो, याचे उत्तर यातच आहे : रीस्टार्ट करताना गाभा नव्याने उभा राहतो.

मिंटवर मला सर्वांत जास्त वेळ द्यावा लागला तो वाय-फायच्या स्वस्त यूएसबी डोंगलला. त्याच्या चिपचा ड्रायव्हर कर्नलमध्ये, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यात, नव्हता. फोन यूएसबी केबलने जोडून, त्याचे इंटरनेट वापरून तो बाहेरून उतरवून घ्यावा लागला. असा हाताने जोडलेला ड्रायव्हर नव्या कर्नलसोबत आपोआप येत नाही, त्यामुळे एका अपडेटनंतर वाय-फाय नाहीसे झाले. संगणक सुरू होताना ग्रबच्या (कोणती सिस्टीम सुरू करायची ते विचारणाऱ्या प्रोग्रामच्या) यादीतील ‘ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स’मधून आधीचा कर्नल निवडला आणि काम चालू राहिले. अपडेटआधी टाइमशिफ्ट या मिंटसोबत येणाऱ्या प्रोग्रामने प्रणालीची प्रत घेऊन ठेवावी, हेही सांगतो. परंतु ती मुळात आपली कागदपत्रे जपत नाही, त्यांचा बॅकअप वेगळाच घ्यावा लागतो.

मराठीच्या बाबतीत मी समाधानी आहे. इनस्क्रिप्टची कळरचना कीबोर्डच्या यादीतूनच निवडता येते आणि जोडाक्षरे नीट उमटतात. वर्डमधून आलेली फाईल अपराजिता किंवा मंगल फॉन्टमध्ये असेल आणि तो फॉन्ट मिंटवर नसेल, तर मात्र दुसराच फॉन्ट बसून पाने सरकतात. पानसंख्येवर मानधन ठरत असल्यास ही बाब किरकोळ नाही. श्रीलिपीसारख्या युनिकोडपूर्व पद्धतीत टंकलेला मजकूर त्याच्या फॉन्टविना रोमन अक्षरांची खिचडी होऊन समोर येतो, पण तसा तो विंडोजवरही येतो. तिथे मजकूर युनिकोडमध्ये रूपांतरित करून घेणे हाच टिकाऊ उपाय आहे.

अडून बसला तो प्रिंटर. माझा जुना लेझर प्रिंटर अशा जातीचा आहे, की पान छापण्यासाठी तयार करण्याचे बहुतेक काम संगणकाने करायचे आणि त्यासाठी कंपनीचाच ड्रायव्हर हवा; मिंट २२ वर तो मला धडपणे चालवता आला नाही. मिंटकडे वळण्याच्या विचारात असलेल्यांनी म्हणूनच पेनड्राइव्हवरून मिंट नुसते सुरू करून, काहीही न बसवता, प्रिंटर, वाय-फाय आणि आवाज आधी तपासून पाहावेत. पोस्टस्क्रिप्ट (पानाचे वर्णन करणारी छपाईची भाषा) किंवा ड्रायव्हरविना छपाईची सोय असलेले प्रिंटर सहसा त्रास देत नाहीत. विंडोज १० ची वाढीव सुरक्षा अद्यतने नोंदणी केलेल्यांना १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत देऊ केलेली आहेत, पण मी त्या फंदात पडलेलो नाही. विंडोजमधले इंटरनेट बंद ठेवले आहे, आणि मिंटमध्ये तयार केलेली पीडीएफ छापण्यापुरतेच ते सुरू करतो.